डबा माझ्या वडिलांचा होता

वैजू, तुझ्या गोष्टीचा शेवट मी लिहिला. नानांनी नाही.

हे मी बावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि तुला तर नाहीच. तू असताना चार वेळा ओठांपर्यंत आलं आणि चारही वेळा मी चहा मागवला. आता तुला जाऊन एकवीस दिवस झाल्यावर लिहितोय, तेव्हा यात धाडस वगैरे काही नाही हे मला कळतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वा सुध्या, टायमिंग एकदम झकास."

तुझ्या कथांचं पुस्तक निघतंय. तुझी भाची अनघा सगळं बघतेय. प्रकाशकांचा मला फोन आला, "तुम्ही त्यांचे सर्वांत जुने मित्र. सुरुवातीला तुमची तीन-चार पानं हवीत. हृद्य असं काहीतरी." हा शब्द ऐकला की तुला शिंक यायची. मी हो म्हटलं आणि चार दिवस हृद्य लिहीत बसलो. घाटकोपरच्या लॅबमधला तुझा पांढरा कोट लिहिला, त्याच्या खिशातली बडीशेप लिहिली, रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा बघून "याचं हिमोग्लोबिन नऊच्या वर नाही" म्हणायची तुझी खोड लिहिली. सगळं खरं होतं. आणि वाचून बघितलं तर सगळं मिळून एक खोटं पान झालं होतं. फाडलं.

तर सरळ सांगतो.

नाना मुलुंडला राहत्या घराच्या पुढच्या खोलीतून दिवाळी अंक काढायचे. मी अंधेरीच्या विमा कचेरीत कारकून. शनिवारी सुटलो की त्यांच्याकडे प्रुफं वाचायला जायचो, हौस म्हणून. तुझ्या तोवर दोन कथा छापून आल्या होत्या आणि दोन्हींत गिरणी होती. परळच्या गिरणीतल्या कामगाराची मुलगी, गाव मालवणाकडचं, म्हणजे तू काय लिहिणार हे लोकांनी तुझ्याआधी ठरवून टाकलेलं. संप, चाळ, खोकणारा बाप, मालवणीत शिव्या घालणारी आई. तू त्या दोन कथा दिल्यास, लोकांनी वाहवा केली, आणि तुला त्यांची लाज वाटायला लागली.

"मी गिरणी आतून पाहिलेली नाही रे," तू म्हणायचीस. "बापाने एकदाही नेलं नाही. ऐकून ऐकून लिहिलं. दिवसभर मी लोकांचं रक्त बघते, ते लिहू म्हटलं तर सगळे गप्प."

मग एके दिवशी कचेरीत तुझा फोन आला. "चारला सूट तिथून. वर्सोव्याला जायचंय."

वर्सोव्याच्या धक्क्यावर सुकत घातलेल्या मासळीच्या रांगांमधून आपण मढला जाणाऱ्या तरीच्या बोटीपर्यंत गेलो. बोटीत बसल्यावर तू प्लास्टिकच्या पिशवीतून फुलस्केपचा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवलास. "एकच प्रत आहे. हरवलीस तर खाडीत ढकलीन." खाडी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. तेवढ्यात तू मला गोष्ट सांगितलीस. बाप मरतो. घरात पाहुणे, रडारड, भटजी. मुलगी शांत. बाराव्या दिवशी ती कुणाला न सांगता बाहेर पडते, वर्सोव्याला येते, तरीत बसून मढला उतरते आणि एका कोळणीच्या दारात बसून तळलेले बोंबील खाते. सुतकात. तेरावं उद्या. पोटभर खाते, हात धुते, परतीच्या बोटीत बसते. रडत नाही.

"म्हणजे सूड," मी म्हटलं.

"सूड कसला डोंबलाचा? तिला भूक लागलीय. जन्मभर हिच्या ताटात काय पडणार ते बापाने ठरवलं. आज पहिल्यांदा तिने स्वतःला विचारलं, बये, तुला काय खायचंय? बस्स. एवढीच गोष्ट."

मढला उतरून तू मला तिथेच घेऊन गेलीस, त्या कोळणीच्या दारात. तू बोंबील मागवलेस. मी लिंबूसोडा.

"घे ना."

"नको."

"तुझ्या बापाला जाऊन किती झाले?"

"तीन महिने."

"मग आता कसलं सुतक?"

"मन होत नाही."

तू बोंबलाचा मधला काटा अलगद ओढून ताटलीच्या कडेला ठेवलास. "विचारलंस कधी मनाला?"

मला राग आला होता, वैजू. तुला तो दिसला नाही, कारण माझ्या तोंडावर काही दिसत नाही अशी माझी ख्याती आहे. माझे वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, सुधीर खंबीर आहे. मला आत नुसतं कोरडं वाटत होतं, आणि त्या कोरडेपणाची मला इतकी भीती बसली होती की मी महिनोन् महिने साध्या वरणभातावर राहून स्वतःला दुःख झाल्याचा पुरावा देत होतो. आणि तू समोर बसून, तोच कोरडेपणा हातात घेऊन, लिंबू पिळून खात होतीस.

नानांनी कथा वाचली. चष्मा काढून म्हणाले, "पोरीने कमाल केली. शेवट मला जरा अंगावर येतो. पण लेखिका ती आहे. तू बोल तिच्याशी, ती म्हणेल तसं." मी मान डोलावली.

मी तुला फोन केला नाही.

त्या रविवारी दुपारी बोरिवलीला आईने माळा आवरायला काढला होता. तिने वडिलांचा डबा खाली काढला, तीन पुडांचा, अॅल्युमिनियमचा. कांदिवलीच्या कारखान्यात त्यांनी तो तीस वर्षं नेला. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने त्यांचं नाव कोरलेलं, त्यातलं पहिलं अक्षर घासून घासून गेलेलं. खालच्या पुडाच्या खाचेत भाताचं एक शीत वाळून चिकटलं होतं. "याचं काय करू?" आईने विचारलं. मी तिच्या हातातून डबा घेतला, आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि तुझी पानं पुढ्यात ओढली.

मी लिहिलेल्या शेवटात मुलगी बोटीत चढत नाही. धक्क्यावरून मागे फिरते, घरी येते, माळ्यावरचा बापाचा डबा काढते, उघडते. झाकणातलं नाव, नावातलं गेलेलं अक्षर, वाळलेलं शीत. ती ते शीत नखाने सोडवू बघते आणि तिथे तिला रडू फुटतं. वीस मिनिटांत उतरलं, एका खाडाखोडीशिवाय. लिहिताना मी रडत होतो. वडिलांसाठी मी रडलो ते तेवढंच, तेही तुझ्या कागदांवर.

मग तुझी शेवटची अडीच पानं मी जाड काळ्या मार्करने खोडली. दोन पानांवर एकेक तिरकी रेघ मारली, ती पुरेशी होती. पण शेवटच्या परिच्छेदातल्या शेवटच्या तीन ओळी मी एकेक करून काळ्या केल्या. वरून पुन्हा फिरवलं. शाई मागच्या बाजूला उतरेपर्यंत. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. छापणाऱ्याला ते कळू नये म्हणून नव्हे. मला ते तिथे नको होतं.

नानांना म्हणालो, "वैजूने बदलला शेवट. फोनवर सांगितला, मी उतरवून घेतला." नाना खूश झाले. म्हणाले, "बघ, विचारलं की माणूस देतो."

अंक आला त्या दिवशी तू मुलुंडला धडकलीस. मी तिथेच होतो, खुर्चीत, हातात फराळाची ताटली. नानांच्या घरच्यांनी तुझ्याही पुढे ताटली धरली. तू ती घेतली नाहीस.

"माझ्या गोष्टीला हात कोणी लावला?"

नाना गोंधळले. "अगं, तूच तर…" एवढंच बोलले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, एक श्वास. मी ताटलीतल्या चकलीचा तुकडा मोडला. तो मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"वैजयंती," नाना म्हणाले, "संपादक मी आहे. अंकात जे छापलं त्याला मी जबाबदार."

"मूळ पानं द्या माझी."

"प्रेसमध्ये असतील. बघतो."

"बघू नका. पुन्हा तोंड बघायचं नाही मला तुमचं." आणि जाताना दारातून मला, "चल रे सुध्या, इथे कशाला बसलायस?"

मी उठून तुझ्या मागे निघालो. चपला घालताना नाना हळूच म्हणाले, "तू सांग तिला. मी नाही सांगणार." रागावलेले नव्हते. त्यांना खात्री होती की मी सांगेन, आठवड्याभरात. नाना त्यानंतर सात वर्षं जगले. तू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस. त्यांच्या अंत्ययात्रेला आली नाहीस. मी गेलो, खांदा दिला. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला एकदाच विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगतो." त्यांनी डोळे मिटले आणि कूस बदलली.

बाकी पुढचं तुला माहीतच आहे. कथेला बक्षीस मिळालं. कॉलेजच्या पुस्तकात धडा म्हणून लागली. तुझं नाव मागे पडलं आणि 'डबा' पुढे आला. सूत्रसंचालक तुझी ओळख करून द्यायचे, "जिच्या डब्याने महाराष्ट्राला रडवलं…" एका सत्कारात तुला शालीबरोबर चक्क स्टीलचा चार पुडांचा डबा दिला. तो तू घरी नेऊन त्यात कपड्यांचे चिमटे ठेवलेस. मी कधीही आलो की गॅलरीत तो डबा दिसायचा, आणि मी खुर्ची फिरवून बसायचो.

तू नंतर जे जे लिहिलंस ते परत येत राहिलं. लॅबमधल्या दोन बायकांची कथा. पन्नाशीत पोहायला शिकणाऱ्या बाईची. संपादकांची पत्रं तू मला मोठ्याने वाचून दाखवायचीस, नक्कल करत. "आपल्या लेखणीतून वाचकांना त्या हळव्या उंचीची अपेक्षा असते." मग पत्राची घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवायचीस.

अंधेरीच्या आपल्या त्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या टेबलावर, तू एकदा म्हणालीस, "त्या डब्याने माझी पार वाट लावली. आणि सांगू? चांगलं लिहिलंय. हाच तर त्रास आहे. फालतू असतं तर लोक केव्हाच विसरले असते. त्या म्हाताऱ्याने आतड्यातून लिहिलंय रे ते."

मी चहात बघत म्हटलं, "मग लोकांना भावलं तर वाईट काय त्यात?"

"लोकांना भावली ती मी नाही ना! कुणा भलत्याच बाईच्या नावावर सह्या करत फिरतेय मी. बापाच्या डब्यावर रडणारी गुणी मुलगी. मी अशी नाहीये. आणि आता तर मला लिहायला बसलं की भीती वाटते, की माझ्या हातून तीच लिहील."

"तू उगाच ताणतेयस."

"मी ताणतेय? तू वाचली होतीस ना मूळ गोष्ट? खरं सांग. कुठली चांगली?"

मी चहा बशीत ओतला. तू टेबलावर हात आपटलास. "काय तां एकदा सांग!" चिडलीस की तुझी मालवणी बाहेर यायची. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "तू गप्प असतोस की तुला काही बोलायचंच नसतं, एवढं तरी मला एकदा कळू दे."

त्या दिवशी मी बोललो नाही याचं कारण भीती होती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. 'आतड्यातून लिहिलंय' हे ऐकून मला आनंद झाला होता. तू समोर तडफडत होतीस आणि माझ्या अंगावर काटा आला होता, सुखाचा. तुझ्या धड्यावरची गाइडं मी विकत आणून वाचली आहेत. 'वाळलेल्या शिताचे प्रतीक स्पष्ट करा' हा प्रश्न वाचून मी खोलीत एकटाच हसलो आहे. तुझ्या सत्कारांना मी शेवटच्या रांगेत बसायचो ते काही मैत्रीखातर नव्हे. वडिलांच्या डब्याला टाळ्या पडायच्या, त्या मी घ्यायला यायचो.

वर तू मला म्हणायचीस, "तू का लिहीत नाहीस रे? बापावर लिही. तुझ्या आत काहीतरी अडकलंय."

तुझी ती पानं कुठे हरवली नव्हती, प्रुफांबरोबर प्रेसमधून माझ्याकडेच परत आली होती. बोरिवलीला माझ्या कपाटात, विम्याच्या जुन्या कागदांखाली, बावीस वर्षं होती. परत दिली असती तर माझं अक्षर, माझा काळा मार्कर तू बघितला असतास. जाळली असती तर… तेही जमलं नाही. घर रंगवताना, पंखा बदलताना, प्रत्येक वेळी मी ती फाईल स्वतः उचलून स्वतः ठेवली.

शेवटची भेट. तुझ्या घरी, घाटकोपरला. अनघा आत खिचडी करत होती. तू उशीला टेकून बसली होतीस, मनगटं काडीसारखी. पुस्तकाचं ठरलं होतं. "त्यांना नाव 'डबा' ठेवायचंय," तू म्हणालीस. "मी म्हटलं, मेले तरी नाही. मूळ शेवट मिळाला असता तर तोच छापला असता. पुन्हा लिहायला बसले होते, नाही जमला. त्या वेळची मी आता कुठून आणू?" मग माझ्याकडे वळून, "तू वाचला होतास. आठवतो का तुला? शेवटचं काय होतं?"

फाईल माझ्या कपाटात होती, वैजू. रिक्षा आणि मेट्रो धरून दीड तासावर.

"नाही गं," मी म्हटलं. "नीट आठवत नाही."

"मासे होते काहीतरी."

"हो. बोंबील होते."

"बोंबील खाऊन झाल्यावर ती एक वाक्य बोलते. कोळणीला काहीतरी विचारते… की कोळीण तिला?" तू डोळे मिटून बराच वेळ शोधत राहिलीस. मग हसलीस. "जाऊ दे. बरं होतं पण, हां."

मी चहा मागवला. अनघाने आणून दिला. मी तो प्यायलो आणि घरी गेलो. आठवड्याने तू गेलीस.

तुझ्या बाराव्या दिवशी मी ती फाईल घेऊन वर्सोव्याला गेलो. मनाशी ठरवलं होतं, तरीत बसायचं, मढला उतरायचं, तिथे तुझी पानं वाचायची आणि बोंबील खायचे. बोट लागली. तिकीटवाला ओरडला, "येताय काय काका? सुटतेय!" माझा पाय उचलला नाही. मी मागे फिरलो आणि मासळीच्या रांगांमधून चालताना लक्षात आलं, मी लिहिलेल्या शेवटातली ती मुलगी अशीच मागे फिरली होती. ती तू कधीच नव्हतीस. तो मी होतो, पहिल्यापासून.

तिथून थेट घाटकोपर गाठलं. अनघाने दार उघडलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसायची हिंमत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं. तुझ्यासारखीच ऐकते, मान जराही न हलवता.

"आत्याने त्या दिवशी तुम्हाला विचारलं तेव्हा मी आत होते काका," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"पानं ठेवा इथे. आणि काही दिवस येऊ नका."

तिने मला शिक्षा म्हणून काही सुनावलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवसांनी तिचा फोन आला, कामाचा. पुस्तकात गोष्ट तुझ्या शेवटासह जाणार. डबा जाणार नाही. 'तो डबा कुठून आला, कुणाचा होता, ते तुम्ही सुरुवातीला लिहायचं, नावानिशी,' ही तिची अट. हृद्य नको म्हणाली.

अडीच पानं तिने टाइप केली. तिरक्या रेघेखालचं सगळं वाचता येतं. त्या तीन ओळी येत नाहीत. तिने कागद खिडकीच्या काचेला लावून बघितला, मागून बॅटरी धरली, फोटो काढून मोठा केला. 'भूक' हा एक शब्द लागला, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह. बाकी माझा मार्कर. मलाही ते आठवत नाही. त्या दिवशी तुझ्याशी बोललेल्या खोट्यातलं एवढं मात्र खरं निघालं.

काल प्रकाशक म्हणाले, "तीन ओळींचा तर प्रश्न आहे. तुम्हीच भरा ना. त्यांची शैली तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे?" सहज म्हणाले. आणि वैजू, फोन कानाला असतानाच माझ्या डोक्यात ओळी जुळायला लागल्या होत्या. चांगल्या होत्या.

मी नाही म्हटलं. तिथे तीन ओळींची कोरी जागा जाईल.

शेवट नानांनी लिहिला नाही, हे त्यांना देणं असलेलं एक वाक्य माझ्याकडे अडकलं होतं, ते या लेखात सगळ्यांत वर घातलंय. ते वाचायला नाना नाहीत. तुझी अडीच पानं परत केली, तीही तुझ्या हातात नाही. तुझ्या तीन ओळी मी अजून देणं लागतो, आणि त्या माझ्याकडे नाहीत.